खेळ कुणाच्या घरचा?

२०२६ ची संक्रांत १४ जानेवारीला होती आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेचं मतदान दुसऱ्याच दिवशी, १५ जानेवारीला. त्यामुळे रहाटणी, पिंपळे सौदागर, काळेवाडी, थेरगाव या पट्ट्यातल्या बायकांना त्याआधीच्या काही महिन्यांत बोलावण्यांची वाण नव्हती. कुठे हळदीकुंकू, कुठे लकी ड्रॉ, कुठे 'खेळ पैठणीचा'. साहजिकच होतं म्हणा. फेब्रुवारी २०१७ नंतर इथे निवडणूक झालीच नव्हती. मार्च २०२२ पासून सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. त्यात १२८ जागांपैकी निम्म्या, म्हणजे ६४ जागा महिलांसाठी. मग मतदार बायकांना कोण विसरेल?

मैत्रिणींनो, हा 'खेळ पैठणीचा' आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. मैदानात मंडप, रंगीत दिवे, माइक घेतलेला गमत्या निवेदक. उखाणा घ्या, डोळे बांधून टिकली लावा, एका मिनिटात जास्तीत जास्त फुगे फुगवा, संगीत खुर्ची खेळा. शेवटी एकीच्या अंगावर पैठणी आणि बाकीच्यांच्या हातात डबा नाहीतर चमच्यांचा सेट. या सगळ्याची मूळ प्रेरणा टीव्हीवर २००४ साली सुरू झालेला 'होम मिनिस्टर'. आदेश बांदेकर घरोघरी जाऊन वहिनींना खेळवायचे, ते बघून गल्लोगल्ली तसे कार्यक्रम सुरू झाले आणि राजकारण्यांना त्यात सोन्याची खाण दिसली.

या कार्यक्रमांना नावं ठेवणं सोपं आहे. पण आधी एक गोष्ट मान्य करूया. तिथे बायका मनापासून हसतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली, दोन खोल्यांत दिवस काढणारी एखादी बाई तिथे आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात धरते. नवरा चाकण-भोसरीच्या शिफ्टमध्ये, मुलं शाळा-क्लासमध्ये, शेजारीण ओळख देत नाही. अशा बाईला कुणी 'या वहिनी, खेळा' म्हटलं, तर ती जाणारच. खेळायची भूक खरी आहे आणि तिच्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न आहे तो यजमानाचा. आत शिरताना आपण कूपन भरतो. नाव, पत्ता, मोबाइल नंबर. ते कूपन ड्रॉसाठी असतं, पण ड्रॉ झाल्यावर ते जातं कुठे? मतदानाच्या आठवड्यात आपल्या मोबाइलवर अनोळखी आवाजात 'ताई, लक्ष असू द्या' असे फोन येतात, तेव्हा आपण विचार करत नाही की नंबर त्यांना दिला कुणी. निवडणूक संपली की मंडपही उठतो. पुढची चार-पाच वर्षं त्या मैदानात आपल्याला खेळायला कोण बोलावतं? म्हणजे खेळलो आपण, पण खेळ आपला नव्हता.

दुसरा यजमान : खिशातला

मंडपात एक वेळ आपण कधीतरी जातो. दुसरा यजमान मात्र चोवीस तास आपल्या पर्समध्ये असतो. तो म्हणजे मोबाइल.

लुडोचंच घ्या. हा खेळ मुळात आपला. पच्चीसी, सारीपाट, सोंगट्या या नावांनी आपल्या आज्या-पणज्या तो कापडी पटावर खेळत. इंग्रजांनी तो विलायतेला नेला, त्याचे नियम सोपे केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे 'लुडो' नावाने त्याचं पेटंटही घेतलं गेलं. पुढे पुठ्ठ्याच्या पटावर तो आपल्याकडे परत आला, आणि २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या एका कंपनीने 'लुडो किंग' नावाने तो मोबाइलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत तर माहेर-सासरची, नागपूर-पुण्याची, दुबई-अमेरिकेची माणसं याच पटावर रोज संध्याकाळी भेटत होती. कितीतरी घरांना त्या दिवसांत त्याने धीर दिला, हे विसरून चालणार नाही.

पण फुकटचा यजमान कधी ऐकलाय का? मोबाइलवरचे बहुतेक फुकट खेळ दोन गोष्टींवर चालतात. एक जाहिराती आणि दुसरं, खेळात पुढे जाण्यासाठी विकत घ्यायची नाणी, हिरे, पोशाख. म्हणजे डाव संपला रे संपला की जाहिरात, आणि ती कशाची असेल यावर आपला काडीचाही ताबा नाही. आईचा फोन घेऊन खेळणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला तीच जाहिरात दिसते, जी मोठ्या माणसाला दिसते. वर अ‍ॅप घेताना विचारलेल्या प्रश्नांना आपण न वाचता 'हो, हो, हो' म्हणून मोकळ्या होतो. फोनमधले नंबर बघू का? हो. तुम्ही कुठे आहात ते बघू का? हो. दारावर आलेल्या फेरीवाल्याने असं विचारलं असतं तर?

आणि याच वाटेवर पुढे पैशांचे खेळ होते. ही गोष्ट आपल्या शहराला चांगली ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाने क्रिकेटच्या ऑनलाइन खेळात दीड कोटी रुपये जिंकले. सगळीकडे पेढे, मुलाखती, कौतुक. आणि आठवडाभरातच त्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. दीड कोटीची बातमी घराघरांत पोचली. पण ती वाचून किती पोरांनी आपले पगार त्या खेळात घातले, त्याची बातमी कुठे आली? जिंकणारा एक असतो, त्याचा फोटो छापून येतो. हरणाऱ्यांचे फोटो येत नाहीत. त्यांच्या बायकांचं मंगळसूत्र गहाण पडतं, तेही गुपचूप.

जुलै २०२५ मध्ये तर विधिमंडळाच्या सभागृहात तेव्हाचे कृषिमंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. आपण खेळत नव्हतो, मोबाइलवर आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. पुढे त्यांचं खातं बदललं. खरं-खोटं काहीही असो, पण त्यांच्या खुलाशातून एक गोष्ट कळतेच. हा यजमान न बोलावता थेट सभागृहातसुद्धा शिरतो. मग आपल्या स्वयंपाकघराचं काय!

कायदा आला, पुढे?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. या खेळांपायी दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोकांचे मिळून २० हजार कोटी रुपये जातात, असा अंदाज त्या वेळी सरकारने मांडला होता. पैसे लावून पैसे जिंकायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, चालवायला या कायद्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, कारण कायदा त्याला फसलेला माणूस मानतो. कायदा झाल्या झाल्या मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टातही गेल्या.

बरं झालं, असंच कुठलीही घर चालवणारी बाई म्हणेल. पण कायद्याने सगळं सुटलं असं समजू नका. पैसे जिंकायचं आमिष नसलेल्या खेळांना या कायद्याने 'सामाजिक खेळ' म्हणून मोकळीक दिली आहे. त्यांना वर्गणी किंवा प्रवेश फी घेता येते. म्हणजे जाहिराती, नाणी, पोशाख हा सगळा बाजार आहे तिथेच आहे. मुलांच्या माहितीचं म्हणाल, तर १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची खात्रीशीर संमती घ्यावी, असं २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ही तरतूद पाळायला कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. तोवर राखण आपली आपणच करायची.

आणि ही राखण हलक्यात घेण्यासारखी नाही. जुलै २०२४ मध्ये आपल्याच शहरात, किवळ्यात, एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि त्याच्या आईवडिलांनी ऑनलाइन खेळाकडे बोट दाखवलं. मूल खोलीचं दार लावून कुणाबरोबर खेळतंय, हे त्या खेळाच्या यजमानाला कळतं. दाराबाहेर ताट घेऊन उभ्या असलेल्या आईला कळत नाही. नुसता मोबाइल हिसकावून घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण मग मुलाने खेळायचं कुठे आणि कुणाशी, ते आपण सांगितलेलं नसतं.

खिरापत काय आहे, ओळखा!

मग उत्तर काय? उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. नवरात्रातला भोंडला आठवा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. गोड की तिखट? ओली की कोरडी? डब्यात वाजते का? आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. यजमानीण रोज बदलणार. खर्च झेपेल तेवढा. खिरापत साधी असली तरी चालेल, ओळखता येऊ नये एवढंच! यात कुणाचं कूपन नाही, कुणाची जाहिरात नाही, हरलं तर तोटा नाही आणि जिंकलं तरी वाटा सगळ्यांना सारखाच. पार्टीत खेळायचा याहून चांगला खेळ जगात कुणी काढला असेल, असं मला वाटत नाही.

मंगळागौरीचंही तेच. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, आगोटा-पागोटा हे खेळ पूर्वी घरातल्याच बायका रात्र रात्र जागून खेळत. आता हॉल घेतला जातो, खेळणारा ग्रुप मानधन देऊन बोलावला जातो आणि बाकीच्या बायका खुर्च्यांवर बसून मोबाइलवर व्हिडिओ काढतात. ग्रुपमधल्या बायकांना चार पैसे मिळतात, गावोगाव जायला मिळतं, हे चांगलंच आहे. पण आपण खेळणाऱ्यांच्या बघणाऱ्या झालो, ते कधी, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरचा खेळ, मोबाइलवरसुद्धा

'अहो, पण आता फेर धरायला गुडघे साथ देत नाहीत आणि पोरं मोबाइल सोडत नाहीत,' असं म्हणाल, तर त्यालाही वाट आहे. संगणकाच्या जगात तिला 'सेल्फ-होस्टेड' म्हणतात. म्हणजे खेळ कंपनीच्या मशीनवर न चालता आपल्या घरच्या संगणकावर चालतो. यजमान आपण.

काही हौशी प्रोग्रामर मंडळी खेळ तयार करून ते सगळ्यांसाठी फुकट आणि उघडे ठेवतात. याला 'ओपन सोर्स' म्हणतात. शेजारणीने लोणचं दिलं आणि बरोबर कृतीही लिहून दिली, तसं. त्यातलाच 'स्क्रिबल डॉट आर-एस' हा एक. एकीने चित्र काढायचं, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. हा प्रोग्राम घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालतो. एकदा सुरू केला की त्याच वाय-फायवर असलेल्या मोबाइलमधल्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता टाकायचा, की झालं. अ‍ॅप नको, ओटीपी नको, फोन नंबर नको. घरातल्या घरात खेळायला इंटरनेटचा डेटासुद्धा लागत नाही. शिवाय ओळखायच्या शब्दांची यादी आपण देऊ शकतो. 'पुरणयंत्र', 'उंबरठा', 'पीएमपीची बस', 'वटपौर्णिमा' असे शब्द घाला आणि बघा काय धमाल येते ती! नातू काढतोय 'जातं' आणि आजी ओरडतेय 'पिझ्झा'!

हे सुरू करून द्यायला कोण मिळेल? रहाटणीत हा प्रश्नच नको. हिंजवडीला संगणकावर काम करणारी एखादी सून किंवा पोरगी जवळपास प्रत्येक इमारतीत आहे. तिला फार तर एक सुट्टीची दुपार लागेल. लहान गावात असाल तर कॉलेजात संगणक शिकणाऱ्या भाचीला धरा. तिच्या शिक्षणाचा मावशीला उपयोग झाला, याचा तिलाही आनंद होईल.

एक सावधगिरी मात्र हवी. घरातल्या वाय-फायवर खेळणं सुरक्षित आहे. पण शिकागोतल्या बहिणीला त्यात घ्यायचं, तर बाहेरच्या इंटरनेटसाठी घरच्या राउटरचं दार उघडावं लागतं, आणि उघड्या दारातून पाहुण्याबरोबर मांजरही शिरतं. ते काम अर्धवट माहितीवर करू नका. जाणकाराकडूनच करून घ्या, नाहीतर बहिणीबरोबर नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर खेळा. पुरेसं आहे.

आणि लॅपटॉप नसेल, वाय-फाय नसेल, भाड्याची एकच खोली असेल, तरी काही अडत नाही. 'कोडनेम्स' नावाचा एक खेळ युरोपात २०१५ साली आला आणि २०१६ मध्ये त्याला जर्मनीतला 'वर्षातला सर्वोत्तम खेळ' हा मानाचा पुरस्कार मिळाला. तो वहीच्या कागदावर करता येतो. २५ चिठ्ठ्यांवर २५ शब्द लिहा आणि पाच-पाचच्या ओळीत मांडा. दोन गट करा. कुठले शब्द कुठल्या गटाचे, ते फक्त दोन्ही गटांच्या नायिकांना माहीत. नायिकेने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा. ती म्हणाली, 'भाजणी, दोन', की गटाने 'चकली' आणि 'थालीपीठ' उचलायचं. चुकून दुसऱ्या गटाचा शब्द उचलला की डाव त्यांच्याकडे. एक शब्द विषारी ठेवायचा, तो उचलला की खेळ खलास. आपले सगळे शब्द आधी ओळखेल तो गट जिंकला. खर्च किती? वहीची दोन पानं. याशिवाय नाव-गाव-फळ-फूल, राजा-मंत्री-चोर-शिपाई, दमशेराज, गाण्याच्या भेंड्या आहेतच की.

यजमानपण कुणी करायचं?

आता खरी मेख. खेळ घरचा म्हटला की चहा-पोहे, आवराआवर, भांडी हे सगळं एकीच्याच गळ्यात पडतं. तिने बिचारीने खेळायचं कधी? बाहेरचा यजमान आपल्याला म्हणूनच बरा वाटतो. तिथे आपल्याला कप उचलावे लागत नाहीत. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय आपल्या भिशीतच आहे. भिशीचा नंबर जसा फिरतो, तसं यजमानपण फिरवा. खायला एकच पदार्थ, तोही कोरडा. कप ज्याचे त्याने धुवायचे. आणि त्या दोन तासांत पोरांकडे 'हे' बघतील, असं आधीच ठरवून टाका. खेळात घेतलंत तर तेही खूश.

बोलावणं कुणाला, याचाही विचार करा. सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्या वॉचमनची बायको, चार घरची धुणीभांडी करणारी मावशी, मागच्या चाळीत नुकतीच लातूरहून आलेली नवी सून. यांना पैठणीच्या मंडपात हमखास बोलावणं असतं, कारण त्यांना मत आहे. आपल्या घरच्या खेळात त्यांना बोलावणं असतं का? मंडपवाल्याला नावं ठेवण्याआधी या प्रश्नाचं उत्तर आपण स्वतःला द्यायला हवं. ज्या बाईला आपण आपल्या फेरात घेत नाही, ती दुसऱ्याच्या फेरात जाणार, आणि तिचा काहीच दोष नाही.

मैत्रिणींनो, मंडपातल्या खेळाला जाऊ नका, मोबाइलवर लुडो खेळू नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. जा, खेळा, पैठणी मिळाली तर ऐटीत नेसा! फक्त कुठलाही खेळ सुरू करण्याआधी तीन गोष्टी विचारा. बोलावणं कुणाचं आहे? माझा आणि माझ्या मुलांचा नंबर, नाव, फोटो कुणाकडे जाणार? आणि हरले तर माझं काय जाणार? तिन्ही उत्तरं पटली तर खुशाल खेळा. नाही पटली तर चार जणींना फोन करा आणि येत्या रविवारी दुपारी तीन वाजता बोलवा. चिठ्ठ्या तुम्ही करून ठेवा, पेन्सिली त्या आणतील.